नारिंगी शेपटीचं विमान

लाडक्या ओफेलियाला थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

इकडे टूसॉनला मी मजेत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तुझ्या डाळिंबांना यंदा फळ धरलं का?

हार्लनने माझंच जुनं फँटम लढाऊ विमान दुरुस्त करायला बोलावलं, असं मी कळवलं होतं. तरुणपणी तो ते उडवायचा आणि मी त्याची देखभाल-दुरुस्ती करायचो. "रामिरो, ते पुन्हा उडवायचंय, तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" म्हणाला, आणि मी हुरळलो. तुम्हा सगळ्यांना बघायला बोलावलंही. आता येऊ नका गं.

परवा बघतो तर विमानाची शेपटी नारिंगी रंगवलेली! तो रंग सरावात पाडायच्या विमानांनाच देतात; म्हणजे माणसाविना उडवून, क्षेपणास्त्रांच्या सरावात समुद्रावर पाडायचं. हार्लनला जाब विचारला, तर हसला. "म्हाताऱ्या, उडणार म्हणालो होतो, उडतंय की! परत येईल असं कधी म्हणालो?"

हे त्याने म्हणावं? तो सुखरूप उतरेपर्यंत मी कधी घास तोंडात घातला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तूही त्यावरून मला चिडवायचीस.

आज एक वैमानिक ते समुद्राकाठच्या तळावर घेऊन गेला; तिथून पुढे ते माणसाविनाच उडणार. मी सवयीने डबा न उघडता धावपट्टीच्या कडेला बसून राहिलो. उन्हं उतरल्यावर हार्लन आला. या खेपेला हसला नाही. "जेवून घे रे," एवढंच म्हणाला.

डबा अजून तसाच आहे. तू काळजी करू नकोस, जेवेन मी.

तुझा दादा,
रामिरो