हाड बसवणाऱ्यांची यादी

मु. गोंडपिपरी
ता. १७ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. सोनीबाईस धाकटा भाऊ लटारू याचा रामराम.

इकडे समदे बरे आहेत. गाय व्याली, गोऱ्हा झाला. लाखोरीचं पीक निघालं. तुमचं काई समजत नाई, तीन वर्षांत तुझं पत्र नाई. तुझी कमळी आता पंधराची झाली असंन.

खबर अशी का, तालुक्यात हाड बसवणाऱ्यांची सरकारी यादी होऊन राह्यली. माझं नाव गावानं मले न विचारता देऊन टाकलं. कोणाची तक्रार असंन तर महिन्याभरात अर्ज द्यायचा, नाई तर नाव पक्कं. तक्रार एकबी नाई. पाटील म्हणे, लटारूच्या हातात देव आहे.

तीन वर्षांआधी कमळीचा हात मोडला, तो मीच बांधला. बांधलेल्या बांबूच्या कमच्या नऊ दिवस सोडायच्या नाई, हे आपल्या बापाचं सांगणं. चौथ्या दिवशी तू म्हटलं, "लटारू, पोरीची बोटं काळी पडून राह्यली, सोड." मी तुलेच दटावलं, का बाईमाणसाले यातलं काय समजते. नवव्या दिवशी सोडलं. चांद्याच्या डॉक्टरनं कमळीचा डावा हात कोपरावरून कापला. चार दिवसांआधी सोडलं असतं तर वाचला असता म्हणे. तू मले शिवीबी नाई दिली. दिली असती तर बरं झालं असतं.

त्यावर मी काम सोडलं असंन, असं तुले वाटत असंन. नाई सोडलं. लोक बंडीत माणूस घालून आणते, पाय लोंबत असते, मले नाई म्हणता येत नाई. परवा पोचूच्या बायकोचा हात बांधला. रोज जाऊन तिची बोटं पाहतो. चांगली दिसते, पण मले माझ्या डोळ्याचा भरवसा नाई. जेवतो, झोपतो. रडू येत नाई.

यादीवाल्या साहेबाले म्हटलं, माझं नाव काढा. तो म्हणे, नाव काढलं तरी लोक तुझ्याकडेच येतीन. तक्रार आली तर बंदी लागते, मंग हात लावला का सजा.

म्हणून बाई, तुम्ही तक्रार करा. अर्ज मी लिहून सोबत पाठवला आहे. झालं तेच लिहिलं, माझी बाजू कुठी घेतली नाई. चौकशीत उभा राहून हेच सांगीन. भाटव्याले वाचून दाखवजो, तो कमळीचा बाप आहे.

अर्जाखाली कमळीचा अंगठा पाहिजे. डाव्याचा लागते, पण मी विचारून घेतलं. उजवा चालते.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
लटारू