आत्याबाई, तो पावशा नव्हताच!

प्रिय आत्याबाई,

तुम्ही जाऊन दोन उन्हाळे झाले, तरी आज पत्र लिहायला बसले, कारण सासू-सुनेचं आपलं जुनं भांडण आज निकालात निघालं. मी जिंकले! लिंबावर येणारं ते पाखरू पावशा नव्हतं, शिकराच होता!

आज सकाळी तो चक्क गोठ्याच्या मेढीवर, माझ्यासमोर येऊन बसला. तोच की त्याचा नातू, देव जाणे. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खा दिसला. वाकडी चोच, पिवळे पाय आणि पायात धरलेला सरडा. आता बोला!

आठवतो का माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा? कळमनुरीच्या माहेराहून मी कोंबडी आणली होती, एसटीत, मांडीवरच्या पिशवीतून. तिची पिल्लं निघाली आणि लिंबात हे पाखरू आलं. मला पानांतून पट्ट्यापट्ट्यांची शेपटी दिसली, तुम्हाला करडी पाठ. ह्यांना तर नुसती सावलीच दिसली, पण गोफण आधी हातात!

"शिकरा हाय. माझी पिल्लं नेईल," मी म्हणाले.

"शिकरा न्हाई, पावशा हाय," तुम्ही म्हणालात. "पेरते व्हा म्हणून सांगाया आलाय. पेरणीच्या तोंडावर त्याला दगूड मारायचा न्हाई."

झालं! पाऊस रुसला तर काय घ्या, म्हणून ह्यांनी गोफण खुंटीला अडकवली. मी किती चिडले होते! पण नव्या सुनेनं सासूला खोटं पाडायचं कसं? तुमचा पावशा महिनाभर एकदाही 'पेरते व्हा' म्हणाला नाही. मी विचारलं, तर तुम्ही गंभीर तोंडानं म्हणालात, "घसा बसला असंल त्याचा."

माझं एकही पिल्लू गेलं नाही, म्हणून सगळ्या गल्लीत तुमचंच खरं ठरलं.

पण आत्याबाई, पावशा पिल्लं नेत नाही. मग रोज दुपारी पिल्लांवर टोपलं पालथं घालून, काठी घेऊन, तुम्ही त्या उन्हात काहून बसत होता? आणि ते पाखरू चोचीत काडी घेऊन लिंबात शिरलं, तेव्हा तुम्ही नुसतं हसलात. पावशा घरटं बांधत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, हे मला तुम्हीच सांगितलं होतं ना? तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मला एकटीला तरी कानात सांगायचं होतं की!

आज तो सरडा घेऊन लिंबात शिरला आणि आतून बारीक चिरचिर ऐकू आली. तेवढ्यात हे गोफण घेऊन धावत आले.

"काय हाय गं ते? शिकरा का?"

इतक्या वर्षांनी जिंकायची वेळ आली होती! तोंड उघडलं आणि म्हणाले, "न्हाई हो. पावशा हाय."

ह्यांनी गोफण परत खुंटीला अडकवली. मला तुमची इतकी आठवण आली की मी गोठ्यात जाऊन एकटीच हसले आणि मग रडले.

तेव्हा शब्द देते. वरची पिल्लं उडेपर्यंत खालची कोंबडीची पिल्लं टोपल्याखाली राहतील आणि दुपारभर मी तिथंच बसेन, तुमचीच काठी घेऊन. ह्यांनी विचारलंच, पावशा ओरडत काहून न्हाई, तर घसा बसलाय म्हणून सांगेन.

तुमचीच,
कळमनुरीची वच्छी