पाचव्या पट्टीवरचं बोट

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दुपारी सव्वाचार वाजता माझा अपमान झाला. वेळ नक्की सांगते, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि बोट बांधलेलं असल्यामुळे त्याच्याकडे बघत बसण्यापलीकडे मला दुसरं काम नव्हतं.

त्याआधीचा दिवस झकास गेला, तेही लिहायला हवं, नाहीतर मी उगाच कुरकुरी ठरेन. सकाळीच या खोलीत राहायला आले. वरचा मजला, दोन खिडक्या, भिंतींना ताजा पिवळा रंग, आणि टेबल चक्क डगमगत नाही. घरमालकीण माझ्याच वयाची, बोलायला गोड. खाली तिच्या धाकट्या भावाचं सुतारकामाचं दुकान आहे. सिगारच्या रिकाम्या लाकडी खोक्याला दांडी बसवून, तीन तारा ताणून तो गिटार बनवतो, आणि मंगळवारी-गुरुवारी दुपारी ती वाजवायला शिकवतो. सगळे त्याला खोकेमास्तर म्हणतात. मी विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. आता तरी हातांना जरा सुरेल काम द्यावं म्हणून बॅग उघडायच्या आत खाली जाऊन वर्गात नाव घातलं.

मास्तरांनी माळ्यावरून एक जुनी गिटार काढून दिली. दांडी हाताळून हाताळून काळी तुकतुकीत झालेली. प्रकार मोठा सोपा आहे. तिन्ही तारा अशा जुळवलेल्या असतात की नुसत्या छेडल्या तरी एक कॉर्ड, म्हणजे जुळलेल्या सुरांचा मेळ, वाजते. दांडीवर आडव्या पट्ट्या असतात; त्यातल्या पाचव्या पट्टीवर एक बोट आडवं दाबलं की दुसरी, सातव्या पट्टीवर तिसरी. तेवढ्यात अख्खं गाणं निघतं. माझं बोट मात्र तिरकं पडत होतं आणि मधली तार फरफरत होती. दोनदा झालं, तीनदा झालं. मग मास्तरांनी खिशातून मेणाचा दोरा काढला, माझी डावी तर्जनी पाचव्या पट्टीवर करकचून बांधली आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "आता बघू आजीबाईंचं बोट कुठं पळतंय."

वर्ग हसला. मास्तर चहा प्यायला निघून गेले. मी खुंटीला बांधलेल्या शेळीसारखी बसून राहिले.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरही हातावर पट्टी मारायच्या. पण आधी कारण सांगायच्या, आणि मारून झाल्यावर चहाला जायच्या नाहीत.

मी माफी मागितली आहे. म्हणजे त्यांनी मागावी अशी मागणी केली आहे, लेखी. तोंडी माफी वाऱ्यावर जाते, हे मी नोकरीत पुरेपूर पाहिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माझा कागद मास्तरांनी वाचला, मोठ्याने वाचला, आणि सरसाच्या भांड्याखाली सारला. म्हणाले, दोऱ्याशिवाय बोट बसत नाही, ही आमच्या दुकानाची पद्धत आहे. आजवर कुणी तक्रार केली नाही.

शेजारी एक शिंपीण बसते. चाळिशीची, हसरी, मला मावशी म्हणते. तिने हळूच दाखवलं की बोटाचं पोट नाही, कड टेकवायची. एवढं साधं सांगायला त्या माणसाला दोरा लागतो.

आता मी हट्टाला पेटले आहे. रोज सकाळी खिडकीशी बसून सराव. ही गिटार माझ्या हाताला अशी बसते, जणू माझ्याच मापाने घडवली. दांडीवर पाचव्या पट्टीच्या मागे एक बारीक खोबण आहे, दोऱ्याने पडलेली. माझ्याआधी कुणीतरी पुष्कळ सोसलेलं दिसतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जमली! वर्गात, सगळ्यांसमोर, पाचव्या पट्टीवरची कॉर्ड घंटेसारखी स्वच्छ वाजली. मी मास्तरांकडेच बघत होते. त्यांचं थोबाड बघायचं होतं.

त्यांच्या हातातून रंधा पडला. उजव्या हाताची तर्जनी ताठ उभी राहिली, ती वाकेचना. त्यांनी चोळली, गरम पाण्यात बुडवली. बोटाच्या मुळाशी एक लाल रेघ उठली होती, अंगठी काढल्यावर उमटते तशी. मास्तर अंगठी घालत नाहीत.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आज जेवण दोन घास जास्तच गेलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सातवी पट्टी. स्वच्छ वाजली. मास्तरांचं मधलं बोटही ताठलं.

बोट ताठलं तेव्हा ते पटाशी चालवत होते, म्हणून थोडं रक्तही आलं. वर्ग लवकर सुटला. शिंपीण माझ्याकडे बघत होती, मग माझ्या गिटारकडे, आणि सामान गोळा करून गेली.

मी त्यांना पुन्हा आठवण करून दिली. लेखी, दोन ओळी पुरतील. ते म्हणाले, "म्हातारे, तुझ्या दोन ओळींवर मी थुंकतो." घरमालकिणीने मध्ये पडून भावाला आत नेलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज मुद्दाम केलं. लपवत नाही.

वर्ग बंद आहे. मास्तर खाली दुकानात होते, खुर्चीच्या पायाला सरस लावत. मी माझ्या खोलीत पाचवरून सातवर आणि सातवरून पाचवर बोट फिरवलं, मध्ये तार फरफरू न देता. हीच खरी परीक्षा असते. तिसऱ्या खेपेला जमलं. खालून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग ते ओरडले.

या वेळी अनामिका, तिसरं बोट.

मी हसले. मग लक्षात आलं, खोलीत हसण्याचा आवाज माझ्या हसण्यापेक्षा जास्त वेळ चालला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

गिटार घेऊन शिंपिणीकडे गेले. तिने आधी मशीन थांबवली नाही, मग थांबवली आणि सांगितलं.

ती गिटार वर्गातल्या एका बाईची. माझ्याच वयाची, एकटी, माझ्याच खोलीत राहायची. मास्तरांनी तिचंही बोट बांधलं, हसले, आणि बोट बसल्याशिवाय वर्गात तोंड दाखवू नका म्हणाले. ती परत आलीच नाही. खिडकीशी सापडली, मांडीवर गिटार, तर्जनी दाताने दोरा ओढून स्वतःच बांधलेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. बोट काळं पडलं होतं.

या दुकानाचा एक नियम आहे. शिकणारा वारला की दांडी उखडायची, ती जाळायची आणि रिकामं खोकं घरच्यांना द्यायचं, कारण दांडी त्याच्याच हाताच्या मापाची कापलेली असते, दुसऱ्याला देत नाहीत. मास्तरांनी ती उखडली नाही. लाकूड चांगलं आहे म्हणाले. आणि दुसरी म्हातारी आल्यावर तिच्या हातात दिली.

शिंपीण म्हणाली, "मावशी, ती घेऊन वर जाऊ नका." मी म्हटलं, भाडं भरलंय मी. आणि ती घेऊनच जिना चढले.

घरमालकिणीला विचारलं. तिने रंगवलेल्या भिंतीकडे बघून सांगितलं की वास जाईना म्हणून नवा रंग दिला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मास्तर वर आले. पहिल्यांदाच दार वाजवून. उजवा हात फडक्यात, बहिणीने आधार दिलेला. अंगठा आणि करंगळी अजून हलतात तेवढी. ते रडत होते. म्हणाले, बाई, चुकलो. आजीबाई म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, लिहून द्या. सवयीने निघून गेलं तोंडातून. त्यांनी हात पुढे केला, तीन ताठ बोटं. पेन कशात धरणार? बहीण म्हणाली, मी लिहिते, तो सांगेल. मी हो म्हणाले. खरंच हो म्हणाले. माझ्यापुरतं मिटवायचं होतं मला.

तिने कागद टेबलावर ठेवला आणि तिन्ही तारा वाजल्या. आपोआप. मी गिटारला हात लावला नव्हता.

कागद तिने लिहिला. माझ्या नावे होता. फक्त माझ्या.

ते गेल्यावर मी गिटार उचलली, शिंपिणीकडे नेऊन दांडी तोडायची म्हणून. डावी तर्जनी पाचव्या पट्टीवर पडली. तिथेच आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोट निघत नाही. दोरा नाही, काही नाही. मुळाशी रेघ आहे. साबण लावला, तेल लावलं. गिटार मांडीवर घेऊन लिहिते आहे.

उजवा हात मोकळा आहे. पण मधूनच पेन खाली ठेवतो आणि तारांकडे जा—

बाराव्या पट्टीची कॉर्ड. ही मास्तरांनी कधी शिकवली नाही. मला येत नव्हती. बोट घसरत वर गेलं, वाजवलं, परत पाचवर आलं.

खालून किंचाळी. अंगठा असणार.

बहीण दारावर मुठी मारते आहे, थांबवा म्हणते. मी थांबवत नाही असं तिला वाटतं. मला उठता येत ना—

२५ ऑक्टोबर, शनिवार

बोट काळं. दुखत नाही.

आधीच्या त्या बाईबद्दल वाईट वाटतं. मास्तर दोघींना हसले. दोघींना. आणि कागद एकीलाच.

मी भ्याले आहे हे लिहून ठेवते, म्हणजे हे अक्षर माझं आहे हे—

पुन्हा वाजवलं. करंगळीही गेली असणार. आता त्यांच्या डाव्या हाताची पाळी.

खोकेमास्तर, नीट ऐका. हे खाली दुकानात पाठवत आहोत. बहिणीच्या अक्षरातली माफी चालणार नाही. आम्हा दोघींच्या नावे, स्वतः लिहिलेलं, तोंडात पेन धरावं लागलं तरी चालेल, सगळ्या वर्गासमोर वाचून, लेखी उत्तर मंगळवारी, २८ ऑक्टोबरला, दुपारी तीनच्या आत या खोलीत पोचलं पाहिजे. तीननंतर आलेलं उत्तर स्वीकारलं जाणार नाही, आणि त्यानंतर आम्ही पाचव्या पट्टीवरून थेट तुमच्या—