उजवीकडचं काळीज

नांदेड, मंगळवार

प्रिय इंदू,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझा फोन मेसच्या ओट्यावर, सासूबाईंच्या पुढ्यात. म्हणून लिहिते.

शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय. जठरातला कॅन्सरचा भाग पोट न फाडता, चार-पाच भोकं पाडून दुर्बिणीनं काढणार. पण स्कॅन डॉक्टरांनी दोनदा उलटसुलट करून बघितला. माझं जठर उजवीकडं, यकृत डावीकडं, सगळं आरशातल्यासारखं. ते म्हणाले, मला नेहमीच्या उलट बाजूला उभं राहावं लागेल, हाताला सवय नाही, एकेक शीर आधी नकाशावर बघून घेतो. मग विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? आमचे हे शेजारीच बसलेले. मी नाही म्हणाले.

भूकंपातला दवाखान्याचा तंबू आठवतो? मी दहावीला, तू सातवीला. ढिगाखालून काढलं तेव्हा तुझी वेणी माझ्या मुठीत होती. बरगड्यांचे फोटो काढले, तर दोघींचंही काळीज उजवीकडं; पोटातलंही सगळं उलटच असणार, म्हणाले तिथले डॉक्टर. आईनं तिथंच आपल्याला तुळजाभवानीचा बेलभंडार उचलायला लावला. "कुणाला सांगायचं न्हाई. असल्या पोरी कोण करून घेईल?" घर गेलेलं, पदरात दोन पोरी. तिला तरी काय बोलू?

ढिगाखाली पाच तास होते, त्या शपथेखाली तीस वर्षं. दोन वर्षं उजव्या कुशीत दुखायचं. गल्लीतले डॉक्टर म्हणायचे, पित्ताशय आहे, गोळ्या घ्या. माझं पित्ताशय तिथं नाही, हे मला कळत होतं. बोलले असते तर शपथ मोडली असती. गोळ्या घेतल्या, पोथी वाचत राहिले, आणि दुखणं वाढत गेलं.

काल ह्यांना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं मी चुकीच्याच बाजूला कान लावून राहिलो व्हय."

दिवाळीत तू म्हणालीस, क्लासच्या पोरांची ताटं वाढून झाली की उजवीकडं जळजळतं, सोडा पिऊन भागवते. इंदू, ते पित्त नसेल. हे पत्र तुझ्या निवृत्तीरावांना दाखव, दुर्बिणीची तपासणी करून घे आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी काळजाचं सांग. शपथेचं मी देवीशी बोलले आहे, इंदूचाही दोष माझ्याच पदरात घाल म्हणाले. शुक्रवारी मला सकाळी आठला आत नेतील. त्याआधी तुझा फोन येऊ दे. ओट्यावरून नको, दवाखान्यातून.

तुझीच ताई,
शिवकांता