निळं दार

१२ ऑक्टोबर १९८६
आज भोपाळला पोचलो. उदयला पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या, व्हरांडा, मागे पेरूचं झाड. शेजारच्या सरोजवहिनी अकोल्याच्या. सामान उतरायच्या आधीच पोहे-जिलबी घेऊन आल्या. चार वर्षांची आमची रेवा सगळ्या खोल्यांतून धावली आणि खिडकीखालची जागा आपल्या खाटेसाठी अडवून बसली. घर आवडलं मला.

कपबशा लावताना लिबियातलं घर आठवलं. लग्न झाल्या झाल्या उदयची नेमणूक तिथल्या वीजकेंद्रावर झाली होती. मी बावीस वर्षांची. पांढऱ्या भिंती, स्वयंपाकघराला निळं दार आणि दार उघडलं की समोर समुद्र. तेवढ्या सुखात मी नंतर कधीच नव्हते. रेवाला भरवताना सगळं सांगितलं.

१९ ऑक्टोबर
स्वयंपाकघराच्या दाराचा हिरवा रंग पोपडे धरून निघतोय, खाली निळा आहे. सरोजवहिनी म्हणाल्या, इथली सगळी दारं पहिल्यापासून हिरवीच. दुपारी रेवाला तिथल्या पावाच्या भट्टीची गोष्ट सांगितली. संध्याकाळी घरभर ताज्या पावाचा वास, आणि खारा वारा. उदय म्हणाला, तलावाकडून येत असेल.

२५ ऑक्टोबर
दार पूर्ण निळं झालंय. पायरीवर वाळू. भिंती पांढऱ्या, कुणी रंगवल्या ठाऊक नाही. उदयचं सुटलेलं पोट उतरलंय, मिशी तेव्हासारखी कोरीव. मला आवडलं, खोटं कशाला लिहू?

पण रेवाची खाट दिसत नाही. उदयला विचारलं. त्याने विचारलं, कुणाची?

२७ ऑक्टोबर
सरोजवहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, "एखादं लेकरू होऊ द्या बाई आता. घर किती सुनं वाटतं."

काल त्यांनीच रेवाला लाडू दिला होता. आज ती माझा पदर धरून त्यांच्यासमोर उभी होती. त्यांना दिसली नाही.

आता कळलं. मी आठवते ते इथे येतं. आणि लिबियातल्या त्या घरात रेवा नव्हती.

२८ ऑक्टोबर
नागपूरला आईकडे जायचं म्हणून रेवाला घेऊन निघाले. फाटक उघडलं तर पलीकडे आमचंच स्वयंपाकघर. पुन्हा उघडलं — पुन्हा तेच.

बत्ता घेतला आणि निळं दार फोडलं. पलीकडे समुद्र. टेबलाशी उदय चहा पीत होता, इतका आनंदी. त्याने हाक मारली. फक्त मला. मी येणार नाही, असं सांगितलं.

रेवाचा चेहरा आता मलाही दिसत नाही. हाताला हात लागतो, तेवढाच.

२९ ऑक्टोबर
हे घर माझ्या आठवणींवर जगतंय. मग मर उपाशी; एकेक आठवण खोटी ठरवते. तोंडाने म्हणून भागत नाही, लिहूनच टाकते.

तिथल्या भिंती पांढऱ्या नव्हत्या — लिहिलं, आणि रेवाची बोटं दिसली.

पावाची भट्टी नव्हती — कोपर. पिवळा फ्रॉक.

समुद्र मी पाहिलेलाच नाही. गाज थांबली. रेवाने "आई" म्हटलं.

मी तिथे सुखात — इथे हात अडला. तरी लिहिते. नव्हते.

आता गळा आहे, वेणी आहे. चेहरा यायचाय.

सगळं गेलं. टेबल उरलंय, आणि टेबलाशी तो. कप खाली ठेवलाय. माझ्याकडे बघतोय. कांचन, नको, म्हणतोय —

रडू नकोस, रेवा.

तिथे माझ्याबरोबर कुणीच नव्हतं. रेवाचे डोळे दिसले. हा माणूस कोण, मला माहीत नाही. त्याचं नाव