पाटाला चौकोन नाही

१५ जून १९८६
कॉम्प्युटरचा कोर्स संपला. सरांचं शेवटचं वाक्य : प्रोग्राम लिहिण्याआधी कॉन्सेप्चुअल मॉडेल काढा. म्हणजे धंद्यात काय काय वस्तू आहेत त्यांचे चौकोन, आणि कोणाचं कोणाशी नातं त्याचे बाण. मशीन नंतर. मला फार पटलं. मशीन माझ्याकडे नाहीच.

सासऱ्यांचा, म्हणजे दशरथ मेस्त्रींचा, भांडुपला गणपतींचा कारखाना आहे. वय झालं, आता बुकिंग कोणा जावयाच्या हाती द्यावं या विचारात आहेत. मी किंवा साडू बाळा. बाळा जोगेश्वरीला रेडिओ दुरुस्त करतो. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

२२ जून
मॉडेलला बसलो. टेबलावर सुलक्षणाचं शिलाई मशीन, हलवायला तयार नाही. माळ्यावर एक जुना लाकडी पाट सापडला. त्यावर ड्रॉइंग पिनांनी कागद ठोकला, मांडीवर घेतला. झकास! संध्याकाळपर्यंत तीन चौकोन : गिऱ्हाईक, ऑर्डर, मूर्ती. पेन्सिल दाबून काढले, ठसठशीत.

६ जुलै
कारखान्यात मॉडेल समजावलं. सासूबाईंनी विचारलं, जावंयबापू, ह्येच्यात पाटाचो चौकोन खंय असा? कोकणातली गिऱ्हाइकं दरवर्षी घरचा पाट आणून देतात. त्याच्या खाली खडूने नाव लिहायचं आणि वर मूर्ती घडवायची. मी म्हटलं, पाट म्हणजे नुसतं लाकूड, त्याला चौकोन लागत नाही. यंदा सगळ्या मूर्ती एकसारख्या प्लायवूडवर. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, मग म्हणाले, एक वर्ष बघू. भारावले असणार.

२० जुलै
लोक पाट आणतातच. सवय, दुसरं काय. घेऊन कारखान्याच्या माळ्यावर रचतोय. खडूची नावं मात्र ओल्या फडक्याने पुसली. सरांचा नियम : एक माहिती एकाच ठिकाणी. नावं आता क्लासच्या मशीनमध्ये आहेत.

सुलक्षणाने विचारलं, आपला पाट बाबांकडे दिलात का. म्हटलं, पाट मॉडेलमध्ये नाही. ती म्हणाली, मग मी तरी आहे का त्यात? तिला ॲबस्ट्रॅक्शन कळत नाही.

१५ ऑगस्ट
प्रिंटआउट मिळाला. नाव, मूर्ती, नंबर. एकही चूक नाही! बाळा कारखान्यात आला, माळ्याकडे बघून हसला. जळतो.
संकल्प : पुढच्या वर्षी मखरवाल्यांचं मॉडेल.

६ सप्टेंबर, हरितालिका, दुपारी
मूर्ती न्यायला गर्दी. धाकू परब पहिला. नंबर बरोबर, मूर्ती बरोबर. पण हा वाकून मूर्तीच्या खाली बघतोय. आजोबांचा पाट कुठाय म्हणाला. परक्या फळीवरचा गणपती घरात घेणार नाही. मागचेही तेच म्हणाले. सगळे माळ्यावर चढले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वाट लागली. नावं पुसलेली, आणि पाट कोणाचा हे मशीनला ठाऊकच नाही. कोणी निरांजनाने भाजलेल्या डागावरून ओळखतोय, कोणी तुटक्या कोपऱ्यावरून. एका पाटाला दोन परब धरून बसले. बाळा माळ्यावरून एकेक पाट खाली देतोय. सासरे मूर्ती प्लायसकट पाटावर बसवताहेत. माझ्याकडे बघत नाहीत. प्रिंटआउट घेऊन उभा राहिलो. फार लाज वाटली.

शेवटी एकच मूर्ती उरली, आणि पाट एकही नाही. प्रिंटआउटमध्ये नंबर पाहिला. नंदकुमार. मीच.
सुलक्षणाने आमचा पाट परस्पर पाठवला असणार, आणि बाळाने तो चुकून दुसऱ्या कोणाला दिला.

७ सप्टेंबर, चतुर्थी
बुकिंग बाळाकडे गेलं. सासरे मला म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे, पुढच्या वर्षी पाटांवर नावं लिहा. ऑइलपेंटने.

मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आलो. दारातच सुलक्षणाला सांगितलं, बाळाने आपला पाट हरवला. तिने कपाटामागून माझं मॉडेल काढलं, एकेक पिन उपटली, कागद बाजूला ठेवला आणि पाट उलटा करून माझ्यापुढे धरला. खाली माझ्या बाबांचं नाव कोरलेलं. मी लहान असताना त्यांनी माझ्यासमोरच कोरलं होतं.

तिने पाट धुतला. पेन्सिलीचे वळ काही गेले नाहीत. त्यावरच बाप्पा बसले.

सासूबाईंनी विचारलं होतं, पाटाचा चौकोन कुठे. होता की. चांगले तीन होते, पाटावरच.