मालकालाही एक प्रत

लेकी,

हे तुला धाडणार नाही. परगावी कामावर असताना तू घाबरशील, "मागे घे" म्हणशील, आणि मी ऐकेन.

तळमजल्यावरची खोली रिकामी झाली म्हणून मी मालकाकडे मागितली. तुझी पोर चाकाच्या खुर्चीत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तो म्हणाला, "आजी, असली माणसं दारातच दिसली की चांगले भाडेकरू येत नाहीत." मेला जन्मल्या जन्मल्या धावायलाच लागला होता जसा!

मी रागाने सरकारी कचेरीत तक्रार केली. वाटलं, त्याला कळणार नाही. सही झाल्यावर तिथली बाई म्हणाली, "आता एक प्रत मालकाला जाईल."

काल ती त्याला मिळाली. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं टाकून दाराला कान लावते. सामान बाहेर फेकलं तर हिला घेऊन जाऊ कुठे? आज तक्रार मागे घ्यायला चपला घातल्या. तेवढ्यात पोरीने विचारलं, "आजी, खाली राहायला गेलो की मला कुणी उचलायला नको ना?"

"नको," म्हटलं आणि चपला काढल्या.

आता दाराला आतून कडी लावून बसले आहे.

तुझी आई